नाकारलेल्या कल्पनांचं पान

वीस वर्षांपुढचं काहीतरी कल्पा, असं सांगितलं होतं.
पानं अकराच. मुलं चार, मास्तर एक.

मास्तर म्हणजे पार्डी सर, न्यूफाउंडलंडहून नेनला आलेले,
दोन वर्षांपुरते म्हणून, आणि सात वर्षं राहिलेले.
म्हणाले, चंद्रावर जाऊ नका,
तिथे सगळेच संघ जातात.
खिडकीतून दिसतं तिथून सुरू करा.

खिडकीतून खाडी दिसत होती.
नोव्हेंबर सरत आलेला, अजून धड गोठली नव्हती,
दुधावर धरावी तशी नुसती साय,
आणि दुकानात, चर्चमध्ये, धक्क्यावर
सगळ्यांच्या तोंडी एकच: धरेल का?

तर आम्ही बोलका बर्फ काढला.
नाव बोआसचं.
केसाहून बारीक तंतू समुद्रात पेरायचे,
पाणी गोठताना ते बर्फात विणले जाणार,
आणि पाऊल पडायच्या आत बर्फच सांगणार,
चार बोटं आहे मी, येऊ नकोस.
कोणत्या भाषेत सांगणार, यात दोन दुपारी गेल्या.
म्हाताऱ्यांशी इनुटिटुतमध्ये, आमच्याशी इंग्रजीत, हुल्डा म्हणाली.
आमोस म्हणाला, आणि कुत्र्यांशी?
तेही लिहिलं.

नियमाप्रमाणे एक पान तोट्यांचं.
ते हुल्डाने मागून घेतलं, तीन दिवस घेऊन बसली,
आणि एकच वाक्य लिहिलं:
बर्फ बोलायला लागला
की आम्ही त्याच्याकडे बघणं सोडू.
अर्धं पान रिकामं आहे, सर म्हणाले.
राहू दे, म्हणाली.

आणि एक पान नाकारलेल्या कल्पनांचं.
ते आमोसला दिलं, कारण त्याचं स्पेलिंग कच्चं,
आणि ते पान वाचतंय कोण.
त्याने लिहिलं:
फुगणारे बूट. महाग पडतील.
शिकवलेला सील. ऐकणार नाही.
एक पेटी, घसरगाडीवर बांधून मागे ओढायची,
जाता जाता खालची जाडी मोजत राहील.
का टाकली: फारच साधी. भविष्य वाटत नाही.

एप्रिलमध्ये निकाल आला, धुक्यामुळे विमान अडकून चार दिवस उशिरा.
उल्लेखनीय, एवढंच.
सोबत चार टी-शर्ट, सगळे बोआसच्या मापाचे,
आणि समासात कुणा परीक्षकाची पेन्सिल:
बर्फ असेलच, हे गृहीत धरलंय का?
आम्ही पोट धरून हसलो.
बर्फ असेल का म्हणे!

ते विसावं वर्ष या हिवाळ्यात आलं,
ना गाजावाजा, ना काही,
दुसऱ्या कुठल्याही वर्षासारखं
पाण्याच्या बिलावर छापून.
बोआस अल्बर्टात, घराएवढे ट्रक चालवतो.
हुल्डा गूज बेला मुलांचे दात बघते.
शाळेच्या किल्ल्या माझ्याकडे असतात;
कपाट रिकामं करताना फाइल हाती आली.

आमोस मात्र इथेच.
दर गुरुवारी त्याच्या स्नोमोबाईलमागे
घसरगाडी, घसरगाडीवर पेटी.
दूर कुठल्याशा विद्यापीठातून आली.
सांगायला आले तेव्हा त्यांनी त्याला नीट समजावून सांगितलं
ती काय करते ते,
आणि हा ताकास तूर लागू न देता
मान हलवत राहिला.

परवा त्याच्याबरोबर गेले.
पेटी गुणगुणत होती, पडद्यावर आकडे सरकत होते.
तरी मध्येच तो थांबला, उतरला,
लोखंडी टोकाची काठी बर्फावर आपटली,
डोकं कलतं करून आवाज ऐकला,
पुन्हा आपटली.
पेटी आहे की, मी म्हटलं.
हो, पण हुल्डाची भीती वाटते, म्हणाला.

आकडा होता अकरा सेंटीमीटर.
गेल्या वर्षी याच आठवड्यात चोवीस.
वहीत त्याने तो लिहिला, तारीख घातली,
आणि आम्ही दोघं जरा वेळ परीक्षकाबद्दल काही बोललो नाही.

मग मी खिशातून ते पान काढून दिलं.
हातमोजा दातांनी ओढून, पाठीने वारा अडवून
त्याने शेवटपर्यंत वाचलं.
'भविष्य' हा शब्द त्यात दोनदा होता,
आणि दोन्ही वेळा
वेगवेगळ्या तऱ्हेने चुकवलेला.